एका डोळ्याचं आभाळ

माझं माहेर सौसरचं. लग्न होऊन पांढुर्ण्याला आले त्याच वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ह्यांचा डावा डोळा गेला. त्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि ते मिळवायला पांढुर्णा नि पलीकडचं सावरगाव एकमेकांना दगडांनी फोडतात. हे झाडाकडे धावले. चौघांनी उचलून आणलं तेव्हा डोळ्यावर दाबलेल्या बोटांमधून रक्त गळत होतं आणि हे ओरडत होते, "झाड आलं काय? झाड आलं काय?"

डोळा नागपूरला काढला. मग ह्यांना ऊन सोसेना. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसत आणि चिडले की हातात असेल ते फेकत. एकदा पितळी तांब्या माझ्या कपाळावर बसला.

मार्गशीर्षात दिवेलागणीनंतर हे अंगणात येऊ लागले. उरलेला डोळाही जाईल ही धास्ती. म्हणून चांदण्यांवर नजर तपासत.

"तिकडं पाह्य. बारक्या चांदण्यांचा झुपका. कृत्तिका. तुले किती दिसतात?"

"सहा."

"मले पाचच दिसून राह्यल्या." आणि उठून भिंतीवर डोकं आपटू लागले. मी कमरेला धरून ओढलं.

"अवो, डोळ्यात पाणी हाय तुमच्या. पुसा अन् मंग मोजा."

पुसून मोजल्या. सहा.

त्यानंतर रोज शिकवू लागले. लालसर रोहिणी. मृगाचे चार पाय, पोटात रुतलेला तीन चांदण्यांचा बाण, आणि तो मारणारा व्याध.

"हरणापेक्षा मारणाराच जास्त चमकून राह्यला," मी म्हटलं.

फाल्गुनात सिंह आणि सप्तर्षी मी आपले आपण ओळखले.

पुन्हा पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला.

"कुठं चाल्ले?"

"नदीवर. एक डोळा हाय ना अजून."

मी पाट्यावर चटणी वाटत होते. वरवंटा उचलला आणि ह्यांच्या पायावर घातला. हाड मोडलेलं स्वच्छ ऐकू आलं. हे कोसळले, शिव्या देत माझे केस धरायला सरपटले. सासूबाई धावत आल्या. पाय पाहिला, माझ्याकडे पाहिलं. नदीकडून आरोळ्या सुरू झाल्या होत्या. त्यांनी दाराला आतून कडी घातली.

"हळद गरम कर वो," त्या म्हणाल्या.