दुकानातला मॉनिटर

अप्पांच्या दुकानातला कॉम्प्युटर घरी आला तेव्हा मी पुण्यात होते. आईनं फोनवर सांगितलं, दुकान भाड्यानं दिलं, रॅक आणि वजनकाटा नव्या माणसाला देऊन टाकला, पण कॉम्प्युटरला तुझ्या अप्पांनी कुणाला हात लावू दिला न्हाई. मॉनिटर मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले, तो डाव्या हातानं कवटाळून घरी आले. उजवा हात तेव्हा नुसता लोंबत होता.

भोकरदनला आमचं बी-बियाणांचं आणि खतांचं दुकान होतं. पिंपळगाव रेणुकाईचे मिरचीवाले यायचे, केदारखेड्याचे कपाशीवाले यायचे, आणि अप्पा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत असायचे. कुठली फवारणी, किती पाणी, आता थांबा, आता टाका. दिवाळी झाल्यावर एका सकाळी दुकानातच त्यांच्या अंगावरून वारं गेलं. संभाजीनगरच्या दवाखान्यात पाय सुधारला, हात थोडा हलायला लागला, बोलणं मात्र परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले की समज शाबूत आहे, शब्द सगळे आत आहेत, फक्त जीभ वळत नाही. बोलायचा सराव करून घ्या, लिहायला द्या. आईनं कागद दिला. अप्पांनी डाव्या हातानं एक वाकडी रेघ ओढली, तिच्याकडे बघितलं आणि कागद चुरगाळून फेकून दिला. पुन्हा त्यांनी कागद हातात धरला नाही.

मी थोड्या दिवसांसाठी म्हणून आले. नवरा म्हणाला, इकडचं मी बघतो, तू जा. कंपनीनंही घरून काम करायची परवानगी दिली. माझं काम विम्याचे दावे तपासण्याचं. एका बाजूला दवाखान्याची बिलं, दुसऱ्या बाजूला पॉलिसीचे नियम, दोन्ही शेजारी शेजारी उघडून वाचायचे. कंपनीच्या लॅपटॉपच्या एवढ्याशा स्क्रीनवर ते होईना. दुपारपर्यंत मान आखडायची आणि डोळ्यांतून पाणी यायचं. आणि समोरच्या खोलीत, टेबलावर, दुकानातला मोठा मॉनिटर होता.

पण त्या टेबलाशी अप्पा बसत. दुकान उघडायच्या वेळेला ते इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून खुर्चीवर येऊन बसायचे आणि कॉम्प्युटर चालू करायचे. बिलाचं जुनं सॉफ्टवेअर उघडायचं. मग मालाची नावं वर-खाली, वर-खाली. युरिया, डीएपी, पोटॅश, मिरचीच्या बियाण्याची पाकिटं. बिल करायला कुणी नव्हतं. तरी ते तासन्‌तास बघत बसायचे आणि मध्येच उठून दारापर्यंत जाऊन रस्त्याकडे बघून यायचे.

सुरुवातीला मी मॉनिटरच्या मागची वायर काढून लॅपटॉपला लावायचे आणि काम झालं की परत त्यांच्या कॉम्प्युटरच्या डब्याला लावायचे. मी वाकले की अप्पा मागे उभे राहून डाव्या हाताच्या बोटांनी टेबल वाजवायचे. ते वाजवणं थांबायचं नाही. माझ्याच्यानं वायर बसायची नाही. शेवटी जालन्याहून एक छोटा स्विच आणला. हातात मावेल एवढी डबी. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस तिला जोडायचे आणि तिच्या दोन वायरी दोन्ही कॉम्प्युटरना. वर एक बटण. दाबलं की स्क्रीनवर माझं काम, पुन्हा दाबलं की अप्पांचं.

मी त्यांना नीट समजावून सांगितलं. सकाळी तुम्ही, दुपारनंतर मी. अप्पांनी मान डोलावली. बटण त्यांना माझ्याआधी कळलं.

आणि ठरलेलं एकही दिवस चाललं नाही. मी एखाद्या ऑपरेशनच्या बिलात डोकं घालून बसलेली असायचे, तेवढ्यात शेजारून हात यायचा, टक्‌, आणि स्क्रीनवर युरिया. मी परत दाबायचे. ते थोडा वेळ दारापाशी जाऊन यायचे आणि पुन्हा टक्‌. मी वैतागून लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात जायचे, तिथं आईच्या कुकरच्या शिट्ट्या, मग मागच्या खोलीत, तिथं नेट यायचं नाही, की परत समोर. घरात आम्ही दोघं सारखे इकडून तिकडे फिरत होतो. आई एकदा म्हणाली, तुम्ही दोघं बी एका जागी बसून न्हाई राह्यले, माझंच डोकं गरगरून राह्यलं.

एकदा माझा आवाज चढला. मी म्हणाले, "अप्पा, मला पगार मिळतो या कामाचा. तुम्ही नुसतं बघत बसता." ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. बराच वेळ झाला तरी आले नाहीत म्हणून मी शोधायला निघाले. बसस्टँडवर, जालन्याच्या गाड्या लागतात तिथं, एका बाकड्यावर बसले होते. जायचं कुठंच नव्हतं. गाडी लागली की उठायचे, गाडी सुटली की परत बसायचे, असं पाणपोईवरच्या बाईनं सांगितलं. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण मी उठले तेव्हा तेही उठले.

थोडे दिवस म्हणता म्हणता उन्हाळा लागला. ऑफिसमधल्या माझ्या मॅडम चांगल्या होत्या, पण त्यांनाही वरून विचारणा व्हायची. कधी येणार? नक्की सांग. मी पुढचा आठवडा म्हणायचे, मग त्याच्या पुढचा. खरं तर मलाच कळत नव्हतं. इथं असले की पुण्याचं घर डोळ्यांपुढे यायचं, नवऱ्याचा फोन ठेवला की बॅग भरावी वाटायची. बॅग काढली की अप्पांची बोटं टेबलावर वाजायला लागायची.

मग ती मीटिंग झाली. सगळ्या टीमची होती, एका सकाळी. स्क्रीन माझ्याकडे होती, अप्पा पलीकडे दिवाणावर पेपर घेऊन बसले होते. हेडफोन बिघडलेला, म्हणून आवाज लॅपटॉपमधूनच घरभर येत होता. मॅडमनी सगळ्यांसमोर मला विचारलं की आता ठरव, पुण्यात येणार की हे काम दुसऱ्या कुणाला द्यायचं. त्या रागानं बोलल्या नाहीत. मी म्हणाले, सांगते. तेवढ्यात आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, नवं सिलिंडर लावताना गॅसचा वास येत होता. मी माझा आवाज आणि कॅमेरा बंद केला आणि धावले. रेग्युलेटर तिरका बसला होता. तो बसवून, खिडक्या उघडून मी परत आले.

अप्पा माझ्या खुर्चीवर होते. डाव्या हाताचं एक बोट कीबोर्डवर. मला वाटलं बटण दाबून त्यांनी युरिया काढला असेल. पण स्क्रीन माझीच होती. मीटिंगच्या बाजूला लिहायची जी खिडकी असते, तिच्यात माझ्या नावापुढे ओळ उमटली होती. इंग्रजी मोठी अक्षरं, बिलात ते लिहायचे तशी, पण शब्द मराठी.

"ती सोमवारी येते. इकडं बराबर आहे."

खाली मॅडमचा अंगठा आला होता. कुणीतरी लिहिलं होतं, वा, भेटूया.

मी उभीच राहिले. इतके महिने त्या माणसानं एक अक्षर लिहिलं नव्हतं. आईनं हात जोडले तरी नाही, डॉक्टरांनी रागावून सांगितलं तरी नाही. आणि पहिलं लिहिलं ते माझ्या ऑफिसला, माझ्या वतीनं, मला न विचारता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

मी विचारलं, "अप्पा, हे तुम्ही लिहिलं? मुद्दाम?"

त्यांनी मान हलवली. हो. मग बटण दाबून आपला कॉम्प्युटर आणला आणि मालाच्या नावांवर जी शोधायची रिकामी चौकट असते, तिच्यात एकेक अक्षर शोधून टाइप करायला लागले. आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. वेळ लागत होता. एक अक्षर चुकलं, त्यांनी ते खोडलं आणि पुन्हा लिहिलं. शेवटी ओळ पुरी झाली.

"तू जाय. मॉनिटर ठिवून जाय."

आई हसली आणि हसता हसता खालीच बसली. मी अप्पांच्या तोंडाकडे बघितलं. ते अजिबात हसत नव्हते.

मी दुपारी मॅडमना फोन करून सगळं सांगणार होते, की ते अप्पांनी परस्पर लिहिलं, मला अजून मुदत पाहिजे. आईनं अडवलं. ती म्हणाली, "दुकानात गिऱ्हाइकाला जो वार सांगितला त्या वारी माल दिला त्येनी. आता त्येंचा शब्द पडू नगं देऊ." मग मी फोन केला नाही. संभाजीनगरची गाडी आणि पुढची पुण्याची, दोन्हीचं आरक्षण करून टाकलं. निघताना स्विचमधून लॅपटॉपची वायर काढली. अप्पांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला, हे बरं झालं अशा थाटात.

पुण्यात ऑफिसला माझ्या टेबलावर दोन मोठे मॉनिटर आहेत. मान दुखत नाही. तरी पहिले कितीतरी दिवस माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दर थोड्या वेळानं उठून पाणी प्यायला जायचे, जिन्यापर्यंत जाऊन यायचे. आईला फोन केला की ती सांगायची, टाइप करून राह्यले, मला चाय बी लिहून मागतात, तोंड उघडायचं नाव न्हाई. मी तिला म्हणायचे, लिहितात तसं मोठ्यानं वाचून घे त्यांच्याकडून. ती प्रयत्न करायची. काही शब्द यायला लागले, अर्धे, बोबडे. ज्यानं दुकान भाड्यानं घेतलं तो माणूसही हळूहळू संध्याकाळी घरी यायला लागला, कुठल्या रोगावर काय द्यायचं ते विचारायला. अप्पा त्याला लिहून दाखवतात.

त्यांना मी नकोशी झाले होते, की माझी अडचण त्यांना बघवत नव्हती, की नुसता मॉनिटर पाहिजे होता, हे मी अजून विचारलेलं नाही. आईचं म्हणणं, तिन्ही. मला तसं म्हणून चैन पडत नाही.

परवा पोळ्याला गेले तेव्हा लॅपटॉप सोबत होता, एक काम तातडीनं पाठवायचं होतं. समोरच्या खोलीत अप्पा आणि तो दुकानवाला मॉनिटरसमोर डोकं घालून बसले होते, कसल्याशा अळीचं चाललं होतं. मी लॅपटॉप छातीशी धरून शेजारी उभी राहिले. अप्पांनी मान न वळवता डावा हात वर केला.

"थांब," ते म्हणाले. जड, पण स्पष्ट. "गिऱ्हाईक हाय."

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावरचं पुरणाचं पातेलं बाजूला सरकवून लॅपटॉप उघडला.