पाव्हणं, बाजूला व्हा

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर टाळ्या ऐकून तुम्ही हसलात. "आजी, तिकडे भजन चाललंय का?" मी उत्तर टाळलं. पण दिवाळीत तुम्ही इथे, श्रीगोंद्याजवळच्या या मळ्यात येणार, अंगणात पळणार. म्हणून जिच्याकडून मी त्या टाळ्या शिकले, तिच्याविषयी आजच लिहिते.

ती आमची शेजारीण. दोन घरांमध्ये उसातली पायवाट. रोज दूध घेऊन यायची आणि वाटेच्या प्रत्येक वळणावर टाळ्या वाजवून म्हणायची, "पाव्हणं, बाजूला व्हा. मानसं चाल्लीत." बिबट्या हा शब्द तिने कधी तोंडातून काढला नाही. तो मान धरतो, म्हणून तिच्या गळ्यात खिळे ठोकलेला चामड्याचा पट्टा.

"टोचत नाही का गं?" मी एकदा विचारलं.

"टोचतंय की, बाई. पन त्याला माझ्यापरीस जास्त टोचंल."

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी विद्यापीठातली एक मुलगी आली. बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना झोप लागते का, दचकायला होतं का, असं घरोघर विचारत होती. पोटुशी बाई सतत भीतीत राहिली तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, असं संशोधन सांगतं, हे ती जपून बोलली. शेजारणीची सून तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. शेजारणीच्या मनात ते 'होणारच' असं बसलं.

त्या दिवसापासून घरात पाहुण्याचा विषय बंद. बिबट्याने शेळी नेली, तर सुनेला सांगितलं, बाजारात विकली. एकदा सकाळी दूध आलं नाही म्हणून मी गेले, तर ही खराट्याने सुनेच्या खिडकीखालचे ठसे पुसत होती. पंजाचे, ताजे.

"बाई, बोलू नगा," ती कुजबुजली. "भ्यायला मी हाय की."

मग एका संध्याकाळी सून वाळलेले कपडे काढायला एकटीच गोठ्याशेजारच्या दोरीकडे गेली. पाहुणा केव्हाच लांब गेला, अशी तिची समजूत. आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. दोरीपलीकडे, उसाच्या कडेला तो उभा होता. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. शेजारणीने हात उचलले, पण ते एकमेकांना लागेनात. शेवटी मीच टाळ्या वाजवल्या, वेड्यावाकड्या. ऊस सळसळला आणि तो दिसेनासा झाला.

सून ओट्यावर सासूशेजारी येऊन बसली. "आत्या, तुमी सांगितलं असतं तर मी गेले असते का?"



त्यानंतर शेजारणीची झोपच उडाली. पट्टा घरातही काढीना. मी तिला तालुक्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. "मला येड लागलंय व्हय?" तिने वाटेत विचारलं. "नाही गं. सगळ्यांची भीती एकटीने सांभाळलीस," मी म्हणाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि काही महिने उसापासून लांब राहायला सांगितलं. ती शेवगावला लेकीकडे गेली. जाताना पट्टा सुनेच्या हातात दिला.

नात झाली, तरी ती अजून परतलेली नाही. रोज फोनवर एकच विचारते, "पोरगी झोपती का?"

झोपते. त्या अंगणात आता ठसे आधी घरातल्या सगळ्यांना दाखवतात, मगच झाडतात. आज खिडकीखाली पुन्हा होते. नवरा घरी येईपर्यंत सून बाळाला घेऊन माझ्याकडे आली आहे. त्याने बघायचेत, म्हणून ठसे अजून तसेच आहेत.