ताईसोबत साके चाखताना: कोबे, फुशिमी आणि साईजो

ताई तपासणीच्या खोलीतून बाहेर आली आणि पर्सची चेन लावत म्हणाली, "मंजू, नाकाच्या मागे गाठ आहे. साधी आहे, पण वासाच्या नसेवर बसली आहे. ऑपरेशन केलं की वास जाणार. महिनाभर थांबलं तर चालेल म्हणतात. जपानला येतेस?"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. पुण्यात बसून वीस वर्षं जपानी कागदपत्रांची भाषांतरं करते. तिच्या कामात साकेची माहितीपत्रकंही असतात. साके म्हणजे तांदूळ, पाणी आणि भातावर वाढवलेली एक बुरशी यांपासून केलेली दारू. तिनं ती कधी चाखली नव्हती. मी तर बँकेत काम करणारी, कसबा पेठेत राहणारी बाई. आमच्या घरात खोकल्याच्या औषधातसुद्धा अल्कोहोल किती ते वाचतात. तरी मी रजा टाकली. डॉक्टरांनी चाखण्यापुरत्या घोटाला परवानगी दिली होती.

फेब्रुवारीत निघालो. पुण्याहून टॅक्सीनं मुंबई विमानतळ, मग सिंगापूरमार्गे ओसाका. जाणार असाल तर थंडीतच जा, साके गाळायचा हंगाम तोच असतो. मुक्काम ओसाकात ठेवला तर कोबे आणि क्योतो दोन्ही तासाभराच्या आत येतात.

पहिला दिवस कोबेच्या नाडा भागात. इथलं पाणी जड, त्यामुळे साके कोरडी आणि करकरीत होते. बऱ्याच ठिकाणी एखाददुसरा घोट फुकट मिळतो, पाचशे येनमध्ये तीन छोटे पेले. ताईनं पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाली, "सरळ आहे. शेवटी धार." मी घोट घेतला आणि खोकत बसले. "तुझ्या चेहऱ्यावरूनच धार कळली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी क्योतोजवळचं फुशिमी. इथलं पाणी हलकं, साके मऊ आणि गोडसर. शाकाहारी असाल तर इथे चिंता नाही. कढत पाण्यातला टोफू आणि भात पोटभर मिळतो, फक्त रस्सा माशाचा नाही ना ते विचारा. ताईनं तिथल्या पेल्याचंही सुरेख वर्णन केलं. मी मोबाइलमध्ये भराभर टिपून घेत होते. हे सगळं तिला शेवटचंच, असं मनात यायचं. मग मी उगाच फोटो काढायचे.

तिसऱ्या दिवशी बुलेट ट्रेननं हिरोशिमा आणि तिथून लोकलनं चाळीस मिनिटांवर साईजो. स्टेशनातून बाहेर पडलं की लाल विटांची धुराडी दिसतात, सगळे कारखाने पायी फिरता येतात. एका छोट्या कारखान्यात सत्तरीच्या मालकीणबाईंनी आम्हाला बसवलं. चार पेले मांडले आणि शेजारी तसाच पाचवा, साकेच्या अधेमधे प्यायचं विहिरीचं पाणी.

ताईनं त्यातला एक उचलला. वास घेतला. "नाशपाती," ती म्हणाली. "मागे पांढरी फुलं."

पेला पाण्याचा होता.

मी काही बोलायच्या आत तिनं घोट घेतला. पेला हळूच खाली ठेवला. बाई आत गेल्या होत्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. पहिल्या आंघोळीला उटणं लावलं आणि वासच नाही. मला वाटलं, जुनं असेल."

"आणि डॉक्टर?"

"त्यांना माहीत आहे. तुला सांगू नका म्हटलं होतं."

"मग परवापासून जे सांगत होतीस ते?"

"माहितीपत्रकातलं. माझंच भाषांतर."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. "मग आलो कशाला इथे?"

तिनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "वीस वर्षं हे लिहिते आहे, मंजू. खरं की खोटं, मला माहीत नाही. मला आता कळणार नाही. तुला कळेल. आणि आधी सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

नसते आले. मी नाक पुसलं आणि पहिला पेला ओढला.

नुसत्या तांदळाची जुनमाई: कुकर उघडल्यावरची पहिली वाफ. अर्ध्याहून जास्त दाणा घासून टाकून केलेली दाईगिंजो: कच्चं सफरचंद, तेही लांबून. गढूळ, पांढरी निगोरी: रात्रभर आंबलेलं इडलीचं पीठ, त्यात साखर. कित्येक वर्षं मुरवलेली कोशू: पाक करताना जरा जास्त झालेला गूळ. मी सांगत गेले, ताई वहीत लिहीत गेली.

"नाशपाती कुठेच नाही?"

"मला तरी नाही लागली गं."

तिनं काहीतरी खोडलं. मग पेनाला टोपण लावलं आणि तोंडावर हात धरून रडली, आवाज न करता. मालकीणबाई घाबरून आल्या, काहीतरी विचारलं. ताईनं उत्तर दिलं, त्या कमरेत वाकल्या आणि परत गेल्या.

"काय म्हणाल्या?"

"साके बिघडली आहे का, म्हणाल्या. मी म्हटलं, नाही, फार छान आहे. माझी बहीण सांगते आहे."

ऑपरेशन चांगलं झालं. वास परत आला नाही. येईल असं कुणी म्हणालंही नव्हतं, तरी मी वाट पाहत होते.

ताई वाघोलीच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. गॅस सुटला तर तिला कळणार नाही, म्हणून मागच्या रविवारी मी सिलिंडर काढायला लावला आणि विजेची शेगडी बसवून घेतली. तिच्यावर पहिला चहा मीच केला, आलं जरा जास्तच किसून. ताई गॅलरीत बसली होती. तिनं दोन घोट घेतले.

"कसा झालाय?" विचारून गेले आणि जीभ चावली.

तिनं कपात पाहिलं. "गरम झालाय," ती म्हणाली आणि सगळा प्यायली.