आबांनी केलेला केक

लहानपणी शिरूरच्या एसटी स्टँडवर आई मला स्लाइस केक घेऊन द्यायची. पारदर्शक कागदातला, पिवळाधमक, मध्ये लाल-हिरवी टुटीफ्रुटी. गाडी सुटेपर्यंत तो पुरवून पुरवून खायचा आणि मग कागदाला चिकटलेला चुरा दातांनी खरवडायचा. लग्न होऊन दौंडच्या रेल्वे कॉलनीत आले. मुलगी बोलायला लागल्यावर एकदा स्टेशनजवळच्या दुकानातून तसाच केक तिच्यासाठी आणला. सासऱ्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"ह्याच्यात अंडं असतंय."

"आबा, हिरवा ठिपका आहे बघा त्यावर."

"ठिपका काय, कुणीबी काढंल."

आबा माळकरी. तळेगाव ढमढेऱ्याची शेती थोरल्या दिरांवर सोपवून आमच्याकडे राहायला आलेले. त्यांच्यापुढे वाद चालायचा नाही. पोरगी रडायला लागली तेव्हा मी म्हणाले, मी घरीच करते, बिनअंड्याचा.

केला त्या दिवशी आबा स्टूल घेऊन ओट्याजवळच बसले. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून मी तळाला वाळू पसरली, तर वाळू कशाला? दह्यात सोडा घातला, फेस आला, तर फेस कशाचा? टुटीफ्रुटीचं पाकीट फोडलं तेव्हा त्यांनी एक तुकडा बोटांत धरून उजेडात बघितला.

"ही कच्ची पपई आहे, आबा. पाकात मुरवलेली."

"कच्ची पपई लाल कवा झाली?"

इसेन्सची बाटली तर ते खिशात घालून मेडिकलवाल्याला विचारायला गेले.

केक चांगला झाला. अगदी शिरूरच्या स्टँडवरचा नव्हे, थोडा दडस, पण वास तोच. पोरगी तुटून पडली. आबांनी स्पर्शसुद्धा केला नाही. "अंड्याबिगर फुगतंय कसं?" एवढंच म्हणाले. सगळं डोळ्यांदेखत घातलं होतं, तरी. मला फार लागलं. मी काय पदराखाली अंडं लपवून आणलं होतं?

पुढच्या खेपेला मी पीठ काढायला लागले तर आबांनी परात ओढून घेतली. "सरक. म्या करतो."

जन्मात चहा न केलेला माणूस. मी फक्त तोंडानं सांगत गेले. मैदा त्यांनीच चाळला, दही त्यांनीच घोटलं, गॅससमोरून हलले नाहीत. झाकण उघडलं तेव्हा केक वर आलेला, मधोमध चीर पडलेला. आबांनी वाकून वास घेतला. मग कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि लगेच दुसरा मोडला.

संध्याकाळी उरलेला केक डब्यात भरून ते मारुतीच्या देवळात गेले. तिथं त्यांची भजनाची मंडळी जमायची, सगळे माळकरी. परत आले तेव्हा डबा जवळजवळ तसाच होता.

"कुणी खाल्ला नाही?"

"म्हन्ले, तुमी कवा चुलीम्होरं बसला, आबा? सुनंनं केला आसंल, आन् सुनंनं काय घातलं तुमाला काय ठावं?" त्यांचा आवाज चिरकला. "एकट्या आप्पानं तेवढा एक तुकडा घेतला. घरी खातो म्हन्ला. येताना बघतोय तर देवळामागं टाकलेला. माझ्यावर इस्वास न्हाई! इतकी वर्सं एका पंगतीला बसलो आन् माझ्यावर?"

माझ्या जिभेवर एक उत्तर आलं होतं. त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं आणि त्यांना जेवायला वाढलं. ते अर्ध्या भाकरीवर उठले.

पुढच्या रविवारी आबा त्याच आप्पांना हाताला धरून घरी घेऊन आले. ओट्याजवळच्या त्याच स्टुलावर बसवलं. "बगा. डोळं झाकू नका." मला स्वयंपाकघराबाहेर काढलं आणि एकेक जिन्नस आप्पांच्या नाकाखाली नेऊन दाखवत पहिल्यापासून केक केला. आप्पांनी अंग चोरून सगळं पाहिलं. मग एक तुकडा खाल्ला, पुन्हा एक मागून घेतला. आबांची कॉलर ताठ.

आबा हात धुवायला मोरीत गेले तशी आप्पांनी दारात चपला घालता घालता मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खाली आणला.

"सूनबाई, खरं सांगा. अंडं कवा घातलं?"

"घातलंच नाही, आप्पा. शपथ."

त्यांनी मान डोलावली, पटल्यासारखी नाही. पण त्यानंतर आबा केक करायचे त्या दिवशी ते न बोलावता यायचे आणि ओट्याजवळ उभं राहून शेवटपर्यंत बघायचे.