ओठांवरचं जर्मन

मी खुनशी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला गरीब बिचारी समजायला नको.

आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, इथे गुजरातेत, बमरोलीत, पंचवीस वर्षं लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवले. लूमच्या शेडला इथे खातं म्हणतात. खात्यात खडखडाट एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ते ओठ वाचतो. आप्पांना डबा पोचवता पोचवता मीही ते शिकले. पुढे आप्पांचे कान गेले आणि घरात सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय लागली.

कॉलेजात मी फ्रेंच घेतलं, जोडीला जर्मन. दोन्ही शिकवायला एकच मॅडम. "तठला लोके आठे येतीन का तुन्हासंगे बोलाले?" आईने विचारलं. पण फ्रेंच मला पटकन येऊ लागलं. बाकीच्या मुली कान टवकारून बसायच्या, मी मॅडमच्या ओठांकडे बघायचे. ते किती गोल होतात, कधी मिटतात, हे एकदा दिसलं की उच्चार आपोआप जमायचा. मॅडमना माझ्या भाषेत चूक सापडेना, म्हणून त्यांनी माझ्या मोठ्या आवाजावर बोट ठेवलं. फ्रेंच ही हळू बोलायची भाषा आहे, भांडायची नाही, असं त्या भर वर्गात सुनवायच्या. तिकडची माणसं भांडतच नसतील, हे मला आजही खरं वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या कार्यक्रमात मी एक फ्रेंच कविता म्हटली. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते मॅडमपाशी गेले आणि हात जोडून आपल्या गुजरातीत, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "छोकरी बहु सरस बोली!" अख्खा हॉल वळून बघायला लागला. मॅडमनी कानावर हात ठेवला आणि शेजारच्या प्राध्यापकांकडे बघून म्हणाल्या, "आ लूम अहीं कोण लई आव्युं?" हा लूम इथे कुणी आणला, म्हणे.

सगळे हसले. आप्पाही हसले. त्यांना ऐकू आलं नव्हतं, बाकीचे हसतात म्हणून तेही हसत होते, जोडलेले हात तसेच ठेवून. मॅडमचं बोलणं मी एक वेळ गिळलं असतं. आप्पांचं ते हसणं मला गिळता येईना. याची परतफेड झाल्याशिवाय कॉलेज सोडायचं नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं. रडले नाही, तक्रार केली नाही. मॅडमना रोज हसून नमस्ते करत राहिले आणि वाट बघत राहिले.

शेवटच्या वर्षी संधी चालून आली. जवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात नवे जर्मन लूम आले होते. ते बसवायला आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला इंग्रजी जेमतेम येत होतं. मालकाने मोबाइलवरून भाषांतर करून पाहिलं, पण त्या आवाजात मोबाइललाही काही ऐकू येईना. त्याने कॉलेजकडे दुभाषा मागितला. मॅडम स्वतःच निघाल्या. मला म्हणाल्या, तू चल, तुला असल्या ठिकाणांची सवय असेल.

होतीच. आत जुने लूम चालू होते. मिस्त्री बोलायला लागला आणि मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी चारदा विचारलं, पाचव्यांदा अंदाजाने काहीतरी मालकाच्या कानात ओरडून सांगितलं. कारागिरांनी तसं केलं, तर मिस्त्रीने डोक्याला हात लावला. असं तीनदा झालं. मला पहिल्यापासून सगळं कळत होतं. जर्मन माझ्यासमोर त्या म्हाताऱ्याच्या ओठांवर उघडं पडलं होतं. तरी मी गप्प उभी राहिले. मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

मग पुढे झाले. मिस्त्रीचे ओठ वाचले आणि कारागिरांना नुसत्या ओठांनी सांगितलं, डावीकडचा ताण आधी सैल करा. लूम चालू झाला. मिस्त्रीने माझा हात हातात घेतला. मालक, कारागीर, सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा मी मॅडमकडे हनुवटीने खूण केली आणि आवाज न काढता ओठ हलवले, "आने अहीं कोण लई आव्युं?"

सगळे हसले. मॅडमनी इकडे तिकडे बघितलं आणि त्याही हसल्या. अगदी आप्पांसारख्याच.

घरी आल्याबरोबर मी आप्पांना सगळं सांगितलं. त्या दिवशी मॅडम काय म्हणाल्या होत्या, तेही पहिल्यांदाच. आप्पा शांतपणे माझे ओठ बघत होते.

"तिन्हा व्हट दखीसन माले तवयच समजनं व्हतं," ते म्हणाले.

पंचवीस वर्षं ओठ वाचणारा माणूस. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मंग हासनात कसाले?"

"मी हासतू नही ते तू तठेच रडती."

एवढं बोलून ते जेवायला बसले. मॅडम हसल्या त्या न कळता. आप्पा सगळं कळून, मी रडू नये म्हणून हसले होते. त्याचा सूड कसा घ्यायचा, ते मला अजून सुचलेलं नाही.