गाडीची खांदमळणी

आमची गाडी वळायला लागली की अख्ख्या शिवाराला कळायचं. सरळ रस्त्यावर ती गरीब गाय. पण स्टिअरिंग जरा फिरवलं की पुढच्या चाकांतून असा कट-कट-कट आवाज निघायचा, की तुरीतली रानडुकरं माना वर करून पाहायची. एकदा जऊळक्याच्या स्टेशनाबाहेर मी गाडी वळवली, तर फलाटावरची माणसं बोचकी उचलून उभी राहिली. त्यांना वाटलं, पॅसेंजर आली. रिसोडच्या बाजारात वळलो तेव्हा एका अडत्याने विचारलं, हे मळणीयंत्र कोणाचं आणि भाड्याने देता काय. यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं, ते आता मलाही आठवत नाही.

गाडीचं वयही झालेलं. तिचा रंग पूर्वी लाल होता असं कागदपत्रं म्हणतात. ती पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी, म्हणजे बैलगाडीसारखी. ताकद पुढे आणि ओझं मागे. हे शास्त्र मी आमच्या बाबांना मोठ्या हौसेने समजावून सांगितलं होतं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, ते पुढे येईलच.

माघात मेडशीहून फोन आला. मोठी मावशी अंगणात पडली होती. हाड मोडलं नव्हतं, डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं, पण ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि जेवत नव्हती. सुनांनी विनवलं, लेकाने विनवलं, गावातल्या शहाण्यांनी येऊन उपदेश केला. मावसभाऊ फोनवर रडकुंडीला आला होता.

"थे एकच म्हनते, धाकलीले आना. बाकी कोनाच्या हातचं तोंडात घेत नाई. दूध बी नाई, भाऊ."

धाकली म्हणजे आमची आई, सत्तरी ओलांडलेली. मी फोन ठेवायच्या आत तिने पिशवी भरली आणि अंगणातल्या बाजेवर येऊन बसली.

"चाल," म्हणाली.

आता चाल कशाने? आईचे गुडघे वाकत नाहीत. एसटीची पायरी तिच्यासाठी सातपुडा. काळीपिवळी जीपमध्ये तिला वाकून शिरता येत नाही, आणि मोटरसायकलवर बसवायचं तर पाय सरळ पुढे काढावे लागतील, मग समोरून येणाऱ्यांनी रस्ता सोडावा. आमच्या गाडीच्या पुढच्या सीटवर मात्र ती आधी पाठ टेकते, मग पाय आत घेते, आणि राणीसारखी बसते. भाड्याची गाडी पाहिली. पण लग्नसराई, गावातली एकूण एक गाडी कुठल्या ना कुठल्या वऱ्हाडाला गेलेली.

आणि आमची? आमची आदल्याच दिवशी गावच्या वळणावर शेवटचं कटकटली, एक मोठा 'खाड' असा आवाज केला आणि थांबली. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण चाकं ढिम्म. चार माणसांनी ढकलून घरी आणली. मी इतरांना दहा सांगितली.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. त्यांना हाक मारावी लागली नाही; कुणाच्या गाडीचा बोनेट उघडल्याचा आवाज त्यांना झोपेतही ऐकू येतो. आले, पोत्यावर आडवे झाले आणि गाडीखाली डोकं घालून खरवडून पाहू लागले.

"बाबू," आतून आवाज आला, "गाडीच्या एक्सलले हयद कोनं लावली?"

"काय?"

"हयद. अन् तूप. नाई, लोनी अशीन. वास येऊन राह्यला. दोनी बाजूले रबराच्या टोप्या इळ्यानं कापल्या हायेत, अन् जॉइंटमंदी पिवळं पिवळं. ग्रीस कुठी गेलं त्याचं नावच नाई. निस्ती रेती भरली."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं.

सांगायलाच हवं. पाच महिन्यांपूर्वी, शेवटची बैलजोडी विकल्यानंतरच्या पहिल्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, गोठ्यात दावी नुसतीच लोंबत होती. खांदमळणीची संध्याकाळ ती. वर्षभर जू वाहून सोललेले खांदे लोणी-हळदीने मळायचे, पळसाच्या पानाने शेकायचे आणि बैलांच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मळायला खांदेच नाहीत म्हटल्यावर माणूस काय करणार? बाबा वाटीत लोणी-हळद घेऊन गोठ्यात गेले, तिथे गाडी उभी होती, आणि गाडी कुठून ओढते ते मीच त्यांना शिकवून ठेवलं होतं.

"तुमी गाडीले खांदमळणी केली?" मी विचारलं.

"मंग?" बाबा म्हणाले. "वर्षभर तुमाले वाह्यते थे. अन् खांद्याले इतका कसून पट्टा बांधेल, फुगे आले होते बिचारीले. पोयाच्या टायमाले जोत सोडा लागते का नाई? सोडलं मी. आतपर्यंत चोयलं."

काका गाडीखालून निम्मे बाहेर आले. "दादा, थो पट्टा नाई, थे ग्रीस आत राह्याचं टोपरं होय."

"मले काय मालूम? गाडी काई बोलली नाई."

"पोयापासून बोलूनच राह्यली होती," आई बाजेवरून म्हणाली, "तुमीच बह्यरे." आणि मग माझ्याकडे वळून, "भांडन मागून करा. माही बहीन उपाशी हाय."

काकांनी वाशीमच्या दुकानात फोन लावला, दोन्ही बाजूंचे नवे एक्सल दुपारच्या आत ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती एसटीत चढवायला सांगितले आणि घरून आपले नट खोलायचे पाने मागवले. त्यांच्या पान्यांची पेटी उचलायला दोन माणसं लागतात. एकट्याने उचलल्याचं मी पुढे गावात सांगितलं, ते सोडा.

चाकाच्या मधोमध एक मोठा नट असतो. तो सुटला तरच एक्सल निघतो. नट असा बसलेला, की त्याने लग्न लावून तिथेच घर बांधलं असावं. बाबांना ब्रेकवर बसवलं. पान्याच्या दांड्यात बोअरचा पाइप घातला, मी पाइपावर उभा राहिलो, उड्या मारल्या.

"वजन घाल, वजन," काका म्हणाले. "नुसता उडून काय राह्यला, टोयधाडीसारखा?"

"हाय तेवढं घातलं ना."

"मंग गोष्टीतलं घाल. तिथी लय वजन असते तुह्यं."

मग काकाही चढले. कड्-कड् असा आवाज झाला, नट सुटला आणि आम्ही दोघं शेणाच्या ढिगाजवळ एकमेकांच्या अंगावर पडलो. पाइप वाकून विळ्याच्या आकाराचा झाला होता. तो वाकलेला पाइप अजून घरी आहे, कोणीही येऊन पाहावं. एवढीच माझी एक गोष्ट आहे जिला पुरावा आहे.

पुढचं काम मग भराभर चाललं. जॅकवर गाडी चढवली, दगड लावले, चाकं काढली, खालचा जॉइंट ठोकून सोडवला, आणि काकांनी गिअरबॉक्सच्या बाजूला पहार घालून एक हिसका दिला. जुना एक्सल निघाला आणि त्याच्यामागे गिअरचं काळं ऑइल भळाभळा वाहायला लागलं. भांडं कोणीच ठेवलं नव्हतं. आईने बाजेवरूनच पुरणाची परात पायाने पुढे सरकवली. ती परात आता कामाची राहिली नाही, पण आईने आजवर तिचा विषय काढलेला नाही, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

एसटीने एक्सल आले. काकांनी कागद फाडला, दोन्ही शेजारी ठेवले आणि कपाळावर हात मारला.

"गेला दिवस. एक लांब, एक आखूड. चुकीचे देल्ले त्यानं. संध्याकायच्या गाडीनं वापस धाडा लागते."

परत पाठवायचे म्हणजे उद्या, कदाचित परवा. मी आईकडे पाहायचं टाळलं. एसटीच्या बसला ताकद मागच्या चाकांना, तिथे दोन्ही एक्सल सारखे. काकांनी आयुष्यभर तेच पाहिलेले. माझं ज्ञान त्याहून कमी, फक्त आवाज मोठा. मी दुकानदाराच्या सात पिढ्या काढायला फोन हातात घेतलाच होता.

"जुने कुठी हायेत?" आईने विचारलं. "त्याहिच्या बाजूले ठेवून पाहा ना. चपला घेतांना पाह्यता तसं."

ठेवले. जुनेही एक लांब, एक आखूड. काकांनी चारही एक्सल पुन्हा मापून पाहिले आणि म्हणाले, "मी म्हनतच होतो." फोन मी हळूच खिशात टाकला.

नवा एक्सल आत सरकवला आणि काकांनी तळहाताने धक्का दिला. आतून बारीक 'टक्' ऐकू आलं, म्हणजे एक्सल जागी अडकला. तेवढ्यासाठी काकांनी सगळ्यांना गप्प केलं होतं. बाबा ब्रेकवरून उतरून पाहायला आले. नव्या रबराच्या टोपीवरून त्यांनी बोट फिरवलं, बोट मागे घेतलं, आणि दुसरा एक्सल बसेपर्यंत हात पाठीमागे बांधून उभे राहिले. नट आवळले, नवं ऑइल भरलं. काकांनी गाडी गोठ्यासमोर डावीकडे पूर्ण वळवून गोल फिरवली, मग उजवीकडे. कोंबड्यासुद्धा उठल्या नाहीत.

मी आभार मानायला लागलो, तर काका म्हणाले, "भाषण नोको देऊ. निघ." आणि पेटी उचलायला दुसरा माणूस शोधायला गेले. त्यांचे आभार मी अजून धड मानलेले नाहीत. बाबांचेही नाहीत. गाडीला घरचं जनावर समजणारा माणूस घरात होता, म्हणून ती भंगारात गेली नाही आणि त्या दिवशी दारात उभी होती, हे मला मालेगावच्या पुढे गेल्यावर सुचलं. तोवर ज्यांना सांगायचं ते दोघं मागे राहिले होते.

उन्हं कलताना मेडशीला पोचलो. आई माझ्या खांद्याला धरून आत गेली. मावशी भिंतीकडे तोंड करून झोपलेली, लुगड्याच्या घडीएवढी झालेली.

"बाई, मी आलो वं," आई म्हणाली.

"झोपू दे मले," मावशी भिंतीला म्हणाली.

सुनेने दुधात भाकर कुस्करून आणून दिली. वाटलं, आई आता रडेल, हात जोडेल. आईने वाटी मांडीवर घेतली, एक घास उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश, आवाज करत चावला. मग दुसरा. सून माझ्याकडे पाहायला लागली. तिसऱ्या घासाला मावशीची मान हळूच वळली.

"माह्यातलं काहून खाऊन राह्यली तू?"

"तुले नोको ना."

"लहानपनापासून तशीच हाय. हावरी." मावशीने हाताचा कोपर टेकला. "अन् साखर टाकली का त्यात? तुले आवडते म्हून टाकली अशीन."

"घे, पाहून सांग."

मावशीने तोंड उघडलं. आईने घास भरवला. मग घासामागून घास, आणि वाटी रिकामी होत गेली. मी अंगणात आलो आणि बोनेटवर हात ठेवून उभा राहिलो. थोड्या वेळाने मावसभाऊ बाहेर आला आणि मागच्या सीटवरची आईची पिशवी उचलून आत घेऊन गेला.

"माय म्हनते, धाकली आठ दिवस इथीच राह्यते," तो म्हणाला. "तुले चहा पिऊन वापस जायाचा हुकूम हाय."