गुलाबी गोळी

शिवणकारखान्यात इस्त्री करणाऱ्या मावशींना सगळ्या 'अर्ध्या डॉक्टर' म्हणायच्या. उरलेला अर्धा भाग कुठे शिकायचा राहिला, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्या टेबलाच्या खणात एका डब्यात गोळ्या असत. द्यायला सोपं म्हणून खोकी फेकलेली, पट्ट्या कात्रीने एकेक कापलेल्या. नावं त्या कात्रीतच गेली होती. पिवळी सर्दीला, पांढरी डोक्याला, गुलाबी कंबरेला. दिवसभर मशीनवर वाकणाऱ्या बायका गुलाबीवरच जगत होत्या म्हणा ना.

त्यांची सून तिथेच काजं-बटणं करायची. दोनदा पदरी निराशा आल्यावर तिला दिवस गेले होते आणि आता सातवा लागला होता. मावशी तिला तळहाताच्या फोडासारखं जपत. तिची कंबर धरली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत रोज एक गुलाबी गोळी त्यांनी स्वतःच्या हाताने दिली.

"घे गं. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. वाईट असती तर अशी विकली असती का?"

सुनेला गुण आला. मावशींच्या मायेत खोट नव्हती, पण नुसत्या मायेने काय होतं?

पुढच्या तपासणीला सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून डॉक्टरबाई थांबल्या. "बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. मागच्या वेळी ठीक होतं. कुठलं औषध चालू आहे का?"

"तुम्ही दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. बाकी काही नाही," सून म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. डॉक्टर देतात ते औषध. खणातली गोळी म्हणजे चहासारखी, ती कोण हिशोबात धरतो?

शेजारी बसलेल्या मावशींना मात्र ती गोळी आठवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. आजपासून गुपचूप बंद करू, असंच आधी त्यांच्या मनात आलं. सुनेला कळलं तर ती आपल्या हातचं पाणी तरी पिईल का?

"कारण कळेना, तर दाखल करून सगळं तपासावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. सुनेने दोन्ही हात पोटावर ठेवले. ते हात मावशींना बघवेनात.

"मी देते तिला एक गोळी," त्या म्हणाल्या. "कंबरेसाठी. रोज."

"नाव काय?"

"गुलाबी," मावशी म्हणाल्या आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटच्या लेकीसारख्या पोरीला आपण रोज काय चारत होतो, त्याचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं.

मावशींच्या पिशवीत त्या गोळीच्या पट्टीचा एक तुकडा निघाला. त्याच्या मागची अर्धवट अक्षरं डॉक्टरबाईंनी उजेडात धरून वाचली. "ही दुखणं आणि सूज उतरवणारी गोळी आहे. पाचव्या महिन्यानंतर हिने बाळाची लघवी कमी होते, पाणी आटतं. दुकानात सहज मिळते म्हणून पोटुशीला चालते, असं नसतं. आजपासून बंद. बहुतेक वेळा पाणी पुन्हा भरतं. चार दिवसांनी बघू. सांगितलंत ते बरं केलंत."

घरी जाताना सून एक शब्द बोलली नाही. ती भांडली असती तर मावशींना सोसलं असतं. त्या चार दिवसांत त्यांनी तीन सदरे जाळले आणि मुकादमाची बोलणी मुकाट्याने खाल्ली.

पाणी वाढलं. मावशींचा जीव भांड्यात पडला, पण घरातला अबोला काही सुटला नाही. आठवडाभराने सून स्वयंपाकघराच्या दारात कपाळ धरून उभी राहिली.

"आई, डोकं फार दुखतंय. काय घेऊ?"

उत्तर मावशींच्या जिभेवर तयार होतं. आख्ख्या कारखान्याला ते देऊन झालं होतं.

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "चप्पल घाल. विचारून येऊ."

सुनेने पायात चप्पल सरकवली. मग तिने हात पुढे केला आणि मावशींनी तो धरला.